डॉ. कमलाबाई सोहोनी

थोर माणसांची चरित्रे वाचावीत, असे आपणांस लहानपणापासून सांगण्यात येते, आणि आपणही ती आवडीने वाचतो. रणांगण गाजविणारे वीर, लोकांस जागे करणारे संत, देशाकरिता तुरुंगवास सोसणारे पुढारी यांची नावे आपल्या जिभेवर असतात. परंतु ज्यांचे सारे आयुष्य काचेच्या नळ्या, तराजू आणि टिपणवह्या यांच्या संगतीत गेले, अशांची चरित्रे आपल्या वाचनात क्वचितच येतात. त्याचे कारण उघड आहे. संशोधकाच्या आयुष्यातही लढाया असतात, पण त्या बंद दाराआड होतात. विजयही असतात, पण त्यांची मिरवणूक निघत नाही. तथापि त्या विजयांचे फळ कित्येकदा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते व ते कोणी मिळवून दिले हे आपल्या गावीही नसते. अशाच एका मराठी विदुषीचे चरित्र यंदा आम्ही आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. त्या विदुषी म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म इ. स. १९११ मध्ये इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर होते. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून १९०९ मध्ये बंगलोर येथे जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिच्यात अगदी आरंभीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्या मंडळींत या दोघा बंधूंची गणना होते. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच मूलद्रव्ये व संयुगे यांची नावे येतात, त्या घरातील मुलीस रसायनशास्त्राची गोडी लागावी यात नवल ते काय? या घराने महाराष्ट्रास एक नव्हे, दोन कन्यारत्ने दिली. कमलाबाईंच्या वडील भगिनी म्हणजे लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक दुर्गाबाई भागवत. १९७५ च्या कऱ्हाड येथील मराठी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी त्याच होत्या. एका बहिणीने माणसांच्या कथा व चालीरीती धुंडाळल्या, दुसरीने धान्याच्या दाण्यातील रहस्ये. परंतु सत्याचा पाठपुरावा करताना कोणापुढेही मान न तुकविण्याचा स्वभाव मात्र दोघींचा एकच.

१९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्या काळाचे चित्र आमच्या वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, तो १९४८ पर्यंत. मुलींनी चार बुके वाचावीत एवढ्यावरच बहुतेक घरांचा संतोष असे, आणि शास्त्रीय संशोधन हे बायकांचे काम नव्हे, अशी समजूत केवळ खेड्यातील अशिक्षितांची नव्हती. मोठमोठ्या पंडितांचीही होती. याचा अनुभव कमलाबाईंना लवकरच यावयाचा होता.

वडिलांच्या व चुलत्यांच्या पावलावर पाऊल टाकून बंगलोरच्या संस्थेत जावे व पुढील अध्ययन करावे, म्हणून त्यांनी अर्ज धाडला. पात्रतेविषयी शंका घेण्यास जागाच नव्हती. तरीही अर्ज नामंजूर झाला. त्या वेळी संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० साली पदार्थविज्ञानातील नोबेल पारितोषिक मिळवून हिंदुस्थानचे नाव जगभर नेणारे हे महापुरुष! परंतु स्त्रिया संशोधनास लायक नाहीत, असा त्यांचा ग्रह होता, आणि त्या ग्रहापोटी त्यांनी या मुलीस नकार दिला. थोर माणसांचे थोरपण सर्व दिशांनी सारखेच नसते, ही गोष्ट आपण येथे ध्यानात ठेवावी. रामन यांच्या विद्वत्तेस वंदन करूनही त्यांचा हा निर्णय अन्यायाचा होता, असे म्हटल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

एखादी दुसरी मुलगी असती तर रडून घरी बसली असती. कमलाबाईंनी तसे केले नाही. तो काळ सत्याग्रहाचा होता. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी त्या बंगलोरास जाऊन थेट रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. केवळ स्त्री असल्यामुळे प्रवेश नाकारण्याचे कारण आपणांस पटत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले आणि संचालकांच्या कचेरीच्या दाराशी सत्याग्रह आरंभिला. अखेरीस रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्यांस नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीसुद्धा, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या तेथे असण्याने प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती.

या अटी अपमानकारक होत्या यात संशय नाही, आणि कमलाबाईंनाही त्या तशाच वाटल्या. तो सल त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिला. परंतु त्यांनी विचार केला असावा तो असा, की दार एकदा किलकिले झाले म्हणजे पुढचे आपल्या हाती आहे. त्यांनी अटी पत्करल्या व वर्षभर असे काम केले, की वर्षाच्या शेवटी रामन यांस त्यांचा प्रवेश कायम करणे भाग पडले. पुढे इतर विद्यार्थिनींनाही तेथे वाट मिळाली. १९४० मध्ये अन्ना मणी यांनी याच संस्थेत खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत काम आरंभिले, आणि पुढे हवामानशास्त्रात त्यांनी मोठे नाव मिळविले. म्हणजे कमलाबाईंचा सत्याग्रह त्यांच्या एकटीपुरता राहिला नाही.

बंगलोर येथे त्यांस मार्गदर्शक लाभले ते श्री. एम. श्रीनिवासय्या. हे गुरू शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्यास पारखून घेऊन मग जीव लावून शिकविणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. विषय पाहा! परदेशातील एखादी दुर्मीळ वनस्पती नव्हे. आपल्या कणगीतील हरभरा, तूर, मूग व उडीद. ज्या देशातील असंख्य माणसांना मांस-मासे विरळाच मिळतात, त्यांच्या शरीराची झीज भरून काढणारा मुख्य पदार्थ म्हणजे डाळ. तिच्यात पोषण किती व कसे, हे समजून घेणे म्हणजे कोट्यवधींच्या ताटाचा हिशेब करणे होय.

यातील एक प्रश्न आम्ही थोड्या विस्ताराने सांगतो, कारण शास्त्रज्ञ कसा विचार करतो हे त्यावरून कळेल. धान्यात प्रथिने किती हे काढण्याची जुनी रीत अशी, की त्यातील नायट्रोजन मोजावयाचा व त्यास ६.२५ ने गुणावयाचे. कारण प्रथिनात सरासरी शेकडा १६ भाग नायट्रोजन असतो. रीत सोपी, पण तिच्यात एक खोच आहे. दाण्यातील सर्वच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो; काही भाग इतर लहान संयुगांचा असतो. तोही प्रथिनांतच धरला तर हिशेब फुगतो, आणि कागदावर पौष्टिक दिसणारे अन्न प्रत्यक्षात तितके पौष्टिक नसते. डाळींतील हा प्रथिनेतर नायट्रोजन हाच कमलाबाईंच्या एका निबंधाचा विषय होता. श्रीनिवासय्या यांच्यासह लिहिलेला तो निबंध १९३५ मध्ये इंग्लंडच्या बायोकेमिकल जर्नल या मासिकात छापला गेला. दोन वर्षांपूर्वी जिला दाराशी अडविले होते, तिचे नाव आता साता समुद्रांपलीकडच्या विद्वानांच्या मेजावर जाऊन पोहोचले. १९३६ मध्ये त्यांस एम. एस्सी. पदवी मिळाली.

१९३७ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या केंब्रिज येथे गेल्या व न्यूनम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. केंब्रिज येथील जीवरसायनशास्त्राचे आचार्य तेव्हा सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हे होते. जीवनसत्त्वांवरील संशोधनाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, तेच हे. त्यांच्या प्रयोगशाळेत जागेची मोठी अडचण होती, परंतु डॉ. डेरिक रिक्टर यांनी आपले एक मेज या भारतीय मुलीस वापरावयास दिले. जेथे जागा नव्हती तेथेही एक मेज निघाले, आणि जेथे जागा होती तेथे मात्र दार बंद झाले होते. दोन संस्थांतील हा फरक विचार करण्याजोगा आहे. रिक्टर यांच्यासह त्यांनी केलेले काम १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींवर काम करू लागल्या. हिरवी वनस्पती प्रकाशात प्राणवायू कशी सोडते, याविषयीच्या शोधामुळे या हिल यांचे नाव आज पाठ्यपुस्तकांत कायमचे कोरले गेले आहे.

येथे कमलाबाईंनी जो शोध लावला, तो नीट समजण्यास थोडी पूर्वपीठिका हवी. आपण श्वास घेतो तो प्राणवायू शेवटी शरीरातील प्रत्येक पेशीत पोहोचतो व तेथे अन्नाचे मंद ज्वलन होते. हे ज्वलन एकदम होत नाही. शेतातल्या विहिरीवरून हातोहात घागरी पुढे द्याव्यात, तसे विद्युत्कण एका रंगद्रव्याकडून दुसऱ्याकडे देण्यात येतात, व सरतेशेवटी ते प्राणवायूच्या हवाली होतात. या हातोहात देणाऱ्यांपैकी जी रंगद्रव्ये, त्यांस सायटोक्रोम असे म्हणतात. १८८४ च्या सुमारास मॅकमन नामक एका वैद्याने ती प्राण्यांच्या मांसपेशींत पाहिली होती. परंतु त्या काळच्या एका वजनदार पंडिताने त्याचे म्हणणे खोडून काढले व बिचाऱ्याचे निबंध धूळ खात पडले. पुढे १९२५ मध्ये केंब्रिजच्याच डेव्हिड कीलिन यांनी ती रंगद्रव्ये पुन्हा शोधली व मॅकमनला त्याचे श्रेय दिले.

प्राणी व किण्व यांच्यात हे द्रव्य आहे हे ठरले. परंतु उच्च वनस्पतींचे काय? हिरव्या पानात पानाचा हिरवा रंगच इतका गडद असतो, की त्यातून दुसऱ्या फिकट रंगद्रव्याची चाहूल लागणे कठीण. कमलाबाईंनी बटाटा घेतला. आपल्या भाजीतला साधा बटाटा! त्याच्या पेशींत त्यांस सायटोक्रोम-सी हे द्रव्य आढळले, व वनस्पतींच्या श्वसनातही त्याचेच कार्य चालते असे दिसून आले. हिल व कमला भागवत या दोघांच्या नावाचे टिपण १९३९ मध्ये नेचर या जगन्मान्य साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. बटाटा, किण्व, कबूतर आणि मनुष्य हे सर्व आतून एकाच रीतीने श्वास घेतात, हे ज्ञान किती नम्र करणारे आहे! पुढे हेच सायटोक्रोम-सी रेण्वीय जीवशास्त्राच्या इतिहासात फार महत्त्वाचे ठरले. त्याच्या रेणूत सुमारे शंभर अमिनो आम्ले एका माळेत ओवलेली असतात. निरनिराळ्या जीवांतील ही माळ मण्यामण्याने ताडून पाहून १९६७ मध्ये फिच व मार्गोलिअश या दोघा शास्त्रज्ञांनी जीवांच्या नात्यागोत्याची वंशावळ मांडली. वनस्पतींतील या द्रव्याची ओळख पटविणाऱ्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत एक मराठी मुलगी होती, ही अभिमानाची गोष्ट होय.

या कामावर त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो टंकलिखित अवघ्या ४० पानांचा होता, आणि तोही केंब्रिज येथे आल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत. इतरांचे प्रबंध शेकडो पानांचे असत. परंतु विद्येचे वजन कागदाच्या रद्दीप्रमाणे तागडीत घालून करावयाचे नसते. परीक्षकांनी प्रबंध मान्य केला व १९३९ मध्ये कमलाबाई केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या. विलायतेतून शास्त्रविषयात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यापूर्वी १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. आणखी एक गोष्ट सांगावयाची ती ही, की खुद्द केंब्रिज विद्यापीठानेही स्त्रियांना पूर्ण सभासदत्वाचा हक्क १९४८ पर्यंत दिला नव्हता. म्हणजे दार अडविण्याची खोड एकट्या आपल्याच देशाला होती असे नव्हे.

त्याच वर्षी कमलाबाई स्वदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने निघालेल्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषणसंशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणितज्ञ श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस स्थायिक झाल्या. तेथील विज्ञानसंस्थेत, जी तेव्हा रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या नावाने ओळखली जात असे, त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या, आणि पुढील आयुष्यातील मोठे काम त्यांनी तेथेच आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने केले.

हे काम पुन्हा कडधान्यांकडेच वळलेले होते. आपल्या घरातील आजीबाई कच्चे वाल किंवा पावटे खाऊ देत नाहीत. ती शिजवलेच पाहिजेत असा त्यांचा हट्ट असतो. या हट्टामागे शास्त्र आहे. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे एक पाचक द्रव्य आतड्यात येते व ते प्रथिनांचे तुकडे करते. कित्येक कडधान्यांच्या दाण्यांत मात्र ट्रिप्सिनला बांधून ठेवणारी, त्याचे काम रोखणारी प्रथिने असतात. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी व खरी किल्ली आत जाऊ नये, तसा हा प्रकार होतो. पोटात प्रथिने जातात, पण अंगी लागत नाहीत. सोयाबीनमधील असे एक रोधक द्रव्य अमेरिकेत कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात वेगळे केले होते. कमलाबाईंनी व त्यांच्या एका सहकाऱ्याने आपल्याकडील वाल व डबल बी यांतील रोधके स्फटिकरूपात मिळविली, आणि तो वृत्तान्त १९५५ मध्ये नेचरमध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय भाज्या व डाळी यांपैकी कशात अशी रोधके आहेत, याची तपासणीही त्यांच्या प्रयोगशाळेत झाली.

शिजविल्याने ही रोधके बहुतांशी निकामी होतात, म्हणून आजीबाईंचा हट्ट खरा. आमच्या जिल्ह्यातील शेतकरी पालकांना तर हा विषय परका नाही. आज आपल्या शिवारात तूर, उडीद, हरभरा यांच्या जोडीला सोयाबीनचे पीक सर्वत्र दिसते. सोयाबीन कच्चे खाऊ नये, जनावरांनाही ते भाजून वा शिजवून घालावे, असे जे सांगतात त्याचे कारण हेच होय. तसेच ज्वारीच्या भाकरीबरोबर वरण खाण्याची आपली जुनी रीत किती शहाणपणाची आहे, हेही प्रथिनांच्या अभ्यासाने कळते. कारण ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी ते डाळीत पुष्कळ, आणि डाळीत जे कमी त्याची भरपाई ज्वारी करते.

कमलाबाईंचे दुसरे लोकोपयोगी काम नीरेचे. ताड व शिंदी यांच्या झाडांतून पहाटे जो गोड रस उतरतो ती नीरा. ऊन चढले की ती आंबते व तिची ताडी होते. या ताज्या रसात पोषण काय आहे, याचा शोध घ्यावा असे तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचविले. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असून तिचा गूळ केला तरी त्यांचा पुष्कळसा अंश टिकतो, असे या तपासणीत दिसून आले, आणि कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांना ती दिली असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा आढळली. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. जी वस्तू आंबवून माणसे व्यसनी होतात, तीच ताजी घेतली तर पौष्टिक ठरते, हे दाखवून देणे काही लहानसहान काम नव्हे.

मुंबईच्या संस्थेचे संचालकपद त्यांस मिळाले खरे, परंतु योग्यता असूनही ते वर्षानुवर्षे लांबणीवर पडल्यानंतर. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री संचालक होत. पुढे १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापन केली. अन्नातील भेसळ व वजनमापातील लबाडी यांविरुद्ध झगडणाऱ्या या संस्थेच्या कार्यात कमलाबाई हिरिरीने पडल्या. १९८२–८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या, व तिच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी लोकांना समजेल अशा भाषेत लेख लिहिले. मराठी मुलांकरिताही त्यांनी शास्त्रविषयक पुस्तके लिहिली. नेचरमध्ये लिहिणारी लेखणी आपल्या भाषेतील मुलांसाठी लिहिताना लाजली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

आता एका प्रश्नाचा विचार करू. संशोधकाची योग्यता कशी मोजावी? आजकाल विद्वानांच्या जगात याचे एक माप रूढ झाले आहे. एखाद्या शास्त्रज्ञाने निबंध छापला, म्हणजे पुढील संशोधक आपल्या निबंधात त्याचा निर्देश करतात. असे निर्देश किती झाले, ते मोजावयाचे व त्यावरून कामाचा प्रभाव ठरवावयाचा. यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थाने १९५५ मध्ये ही कल्पना मांडली व १९६४ मध्ये त्याची शास्त्रनिर्देशांची मोठी सूची रूढ झाली. आज नेमणुका, बढत्या व अनुदाने पुष्कळदा या आकड्यांवर अवलंबून असतात.

हे माप अगदीच निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या विहिरीवर पुष्कळ पोहरे पडतात तिला पाणी असले पाहिजे, हा तर्क ठीकच आहे. परंतु आडरानातील विहिरीवर कोणी जात नाही, म्हणून ती कोरडी आहे असे ठरत नाही. मेंडेलने वाटाण्यावरील प्रयोगांचा निबंध १८६६ मध्ये छापला. तो १८८४ मध्ये वारला, तोवर त्या निबंधाचे महत्त्व कोणी ओळखले नव्हते. १९०० मध्ये तिघा शास्त्रज्ञांनी तो जगापुढे आणला, आणि आज अनुवंशशास्त्राचा पायाच तो मानला जातो. मॅकमनची गोष्ट वर आलीच आहे.

कमलाबाईंच्या बाबतीत तर हे माप आणखीच चुकावयाचे. त्यांचे १९५१ पर्यंतचे काही निबंध भागवत या माहेरच्या नावाने आहेत व नंतरचे सोहोनी या नावाने. रोमन लिपीत त्यांचे माहेरचे नाव कोठे एका प्रकारे लिहिलेले, तर कोठे दुसऱ्या. शिवाय जुन्या निर्देशसूचीत निबंध पहिल्या लेखकाच्या नावाखाली लावीत. त्यामुळे १९३९ चे नेचरमधील टिपण हिल यांच्या खात्यावर जाते, आणि त्याच विषयावरचा १९५१ चा सविस्तर निबंध भागवतांच्या. ज्याला हे ठाऊक नाही, तो सूची उघडून बसला तर त्याला एका संशोधिकेच्या जागी दोघी-तिघी दिसतील, आणि प्रत्येकीची बेरीज थोडकी वाटेल. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या किती विदुषींची कामे अशी वाटली गेली असतील! आणि आणखी एक बेरीज तर कोणत्याच सूचीत सापडावयाची नाही. डाळींच्या पोषणाविषयी जे ज्ञान वैद्य, परिचारिका व शिक्षिका यांच्या तोंडून घरोघर गेले, त्या ज्ञानास अनेकांचे हात लागले आणि त्यांत कमलाबाईंचाही होता. परंतु वरण वाढताना कोणती माता संशोधकाचा निर्देश करते?

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. जी माणसे दारातूनच परत पाठविली गेली, त्यांच्या न लिहिलेल्या निबंधांची गणना कोण करणार? १९३३ मध्ये कमलाबाई निमूटपणे घरी परतल्या असत्या, तर त्यांच्या नावापुढे शून्य राहिले असते, आणि ते शून्य पाहून त्याच पंडितांनी म्हटले असते की स्त्रियांना संशोधन जमत नाही. अन्याय असा स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतो. म्हणून आमच्या पालकांस आम्ही नम्रपणे सुचवितो, की मुलीचे शिक्षण अर्ध्यावर थांबविताना आपण काय थांबवीत आहो, याचा हिशेब आधी करावा. जे घडलेच नाही त्याची नोंद कोठेही होत नाही, म्हणून ते नुकसान नव्हते असे ठरत नाही.

१९९८ मध्ये दिल्ली येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने कमलाबाईंच्या सत्काराचा समारंभ योजिला होता. त्या समारंभातच त्यांस एकाएकी अस्वस्थता येऊन त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. वय ऐंशीच्या बरेच पुढे गेले होते. ज्या देशात एकेकाळी एका संस्थेच्या दाराशी त्यांस धरणे धरावे लागले, त्याच देशातील एका थोर संस्थेने त्यांस सन्मानाने बोलाविले असता त्यांचा अंत व्हावा, हा योग मन हेलावून सोडणारा आहे.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून काय घ्यावे? पहिली गोष्ट, अन्यायापुढे मान तुकवू नये. पण नुसता निषेध करून थांबूही नये. मिळालेली अर्धी संधी आपल्या कर्तृत्वाने पुरी करून घ्यावी. दुसरी, संशोधनाचा विषय शोधावयास दूर जाण्याची गरज नसते. तो वालाच्या दाण्यात, बटाट्याच्या फोडीत व शिंदीच्या रसातही असतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील माळरानावर व काळ्या शिवारात असे किती प्रश्न कोणाची तरी वाट पाहत पडले असतील! तिसरी, थोडक्यात पण खरे लिहावे. चाळीस पानांनी जे साधले ते चारशे पानांनी साधतेच असे नाही. आणि चौथी, मोठी विद्या मिळाली तरी आपल्या भाषेतील मुलांना व आपल्या गावातील माणसांना विसरू नये.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील मेजे फार नाहीत व उपकरणेही साधीच आहेत. परंतु केंब्रिज येथे कमलाबाईंना मिळालेले मेजही दुसऱ्याने देऊ केलेलेच होते. त्या मेजावर काय घडते ते बसणाऱ्याच्या निष्ठेवर अवलंबून असते. पुढील वर्षी आमच्या वर्गांतून कोणी मुलगा वा मुलगी अशा एखाद्या मेजापाशी दाण्यातील गूढ उकलीत बसलेली दिसली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.